पहिल्या रांगेची दोन तिकिटं

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभी राहून मी फोनवर बोलत होते.

"मॅडम, खोत बोलतेय. आमच्या दोन तिकिटांचं काय झालं?"

पलीकडून वाळवेकर मॅडम म्हणाल्या, जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. खाली अंगणात माझे सासरे झाडांना पाणी घालत होते आणि त्यांचे कान शाळेच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारे. मी चादरीत आणखी आत शिरले. "लावणी" हा शब्द टाळून "तो एकवीस मार्चचा कार्यक्रम" असं दोनदा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, एकवीस मार्चचे आमचे दोन कार्यक्रम होते, तुमचा कोणता, पाककृती स्पर्धा की लावणी? मी नुसतं "दुसरा" म्हणाले आणि फोन ठेवला, कारण खालचा नळ बंद झाल्याचा आवाज आला होता.

हे सगळं दोन हजार वीस सालच्या एप्रिलमधलं. आमचं गाव तासगावच्या पलीकडं, द्राक्षबागांच्या पट्ट्यात. घरात आम्ही पाच जणं. नवरा वीज मंडळात, त्यामुळं त्याला सकाळी घराबाहेर पडावं लागायचं. मुलगी सुट्टीला माझ्या माहेरी गेली होती ती तिथंच अडकली. उरलो आम्ही तिघं. मी, आत्याबाई आणि मामंजी. आमच्याकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात.

मामंजी, म्हणजे बाजीराव खोत, हायस्कूलचे हेडमास्तर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गाव त्यांना सरच म्हणायचं. ते कधी ओरडले नाहीत. ओरडायची त्यांना गरजच पडायची नाही. टीव्हीवर लावणी लागली की ते खुर्चीतून उठायचे, शांतपणे टीव्ही बंद करायचे, रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि पेपर उघडायचे. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा माझं लग्न होऊन चार दिवस झाले होते. त्यानंतर सोळा वर्षांत घरात त्या विषयावर कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

आणि आता त्याच घरातली मी लावणीच्या तिकिटांचे पैसे परत मागत होते. तिकिटं माझी नव्हती. आत्याबाईंची होती.

फेब्रुवारीत आम्ही दोघी सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. परत येताना एसटी स्टँडसमोर मोठा फलक लागलेला होता. हिरव्या नऊवारीतली एक बाई आणि खाली ठळक अक्षरांत 'फक्त महिलांसाठी'. आत्याबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. आमची गाडी लागली, भरली आणि सुटलीसुद्धा. मी दोनदा हाक मारली.

त्यांनी विचारलं, "फक्त महिलांसाठी म्हणजे पुरुष आत येतच नाहीत?"

मी म्हणाले, नाही येत.

"आणि वाजवणारे?"

वाजवणारे येत असतील, मी म्हणाले.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, परपुरुषांची अडचण त्या मोजतायत.

तिकिटं सांगलीच्याच गावभागातल्या एका कापड दुकानात मिळत होती. दुकान वाळवेकर मॅडमचं आणि कार्यक्रमही त्यांच्याच महिला मंचाचा. आत्याबाईंनी कमरेची पिशवी काढली. उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करून विकायच्या, ते त्यांचे स्वतःचे पैसे. मॅडमनी खुर्च्यांचा तक्ता समोर ठेवला आणि मधल्या चांगल्या जागा दाखवल्या. आत्याबाईंनी त्या नाकारल्या. त्यांनी विचारलं, वाजवणारे कुठल्या बाजूला बसतात? मॅडमनी पेन्सिलीनं डावीकडं खूण केली. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या अगदी कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या घेतल्या. मॅडम म्हणाल्या, मावशी, तिथून नाचणारी अर्धीच दिसेल. आत्याबाई म्हणाल्या, चालेल.

एसटीत मी विचारलं, घरी काय सांगायचं? त्यांनी ते आधीच ठरवलं होतं. एकवीस मार्चला पुन्हा डोळे दाखवायला बोलावलंय म्हणायचं. लग्न झाल्यापासून त्या मामंजींशी पहिल्यांदाच खोटं बोलणार होत्या आणि त्यांचा चेहरा शाळा बुडवणाऱ्या पोरीसारखा झाला होता. त्या महिनाभरात त्या मला कधी नव्हे इतक्या जवळच्या वाटल्या. चहा देताना मध्येच म्हणायच्या, साडी कुठली नेसू? मी म्हणायचे, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाताय, साधीच नेसा. मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो आणि मामंजी बाहेरून विचारायचे, काय झालं?

मग मार्च आला. नाट्यगृहं बंद झाली, शाळा बंद झाल्या, सगळंच बंद झालं. कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा आत्याबाई शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, बरं झालं, खोटं बोलायचं तरी वाचलं. शेंगा फोडणं थांबलं नाही. पण आठवडाभर साडीचा विषय निघाला नाही, कशाचाच निघाला नाही. एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "त्या बाईकडं पैसे परत माग. आपल्याला नाही जमायचं ते."

मी म्हणाले, मॅडम पुढची तारीख देणार आहेत. टीव्हीवर तेव्हा रोज आकडे यायचे, आज इतके गेले, उद्या तितके. आत्याबाई म्हणाल्या, "मी सहासष्ट वर्षांची आहे. पुढची तारीख कुणी बघितलीय?"

म्हणून मी गच्चीवर.

टाळेबंदीत घरात चोरून फोन करणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलं त्यांनाच कळेल. मामंजी चोवीस तास घरात. मी गच्चीत, गोठ्याच्या मागं, एकदा तर न्हाणीघरात नळ सोडून फोन केला. मॅडम बिचाऱ्या वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःचीच पंचाईत झाली होती. कलाकारांना आगाऊ रक्कम दिलेली, नाट्यगृहाचं भाडं अडकलेलं, दुकान बंद. कधी त्या पुढची तारीख घ्या म्हणायच्या, कधी त्या बदल्यात साडी घ्या म्हणायच्या. मी आपली रोज एकच गोष्ट मागत राहिले. शेवटी त्या कंटाळल्या आणि म्हणाल्या, मूळ तिकिटं आणि ज्यांनी काढली त्यांच्या सहीचा अर्ज पोस्टानं पाठवा, मी रक्कम परत करते.

मला इतका आनंद झाला की मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले. तिकिटं वरईच्या डब्यात होती. वरई उपवासालाच लागते आणि पुढचा उपवास लांब होता, म्हणून आत्याबाईंनी ती जागा निवडली होती.

स्वयंपाकघराच्या दारात मी थांबले. टेबलावर घरातले झाडून सगळे डबे मांडलेले होते. मामंजींना टाळेबंदीत काम हवं होतं. त्या दिवशी त्यांनी डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायचं काढलं होतं. प्रत्येक डबा परातीत रिकामा करायचा, पुसायचा, परत भरायचा आणि वर सुवाच्य अक्षरात नाव लिहायचं. 'हरभरा डाळ.' 'रवा (जाड).' 'रवा (बारीक).' समोरच्या परातीत वरईचा ढीग होता आणि त्यांच्या हातात दोन गुलाबी तिकिटं. आत्याबाई पाठमोऱ्या गॅसपाशी उभ्या होत्या. कढईत काहीतरी करपत होतं आणि त्या ते हलवत नव्हत्या.

"ही कुणाची?" मामंजींनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. मी विचार केला नव्हता. तोंडातून आपोआप आलं.

कुणाबरोबर जाणार होतीस? मैत्रिणीबरोबर. कुठली मैत्रीण? तासगावची. नाव काय तिचं? छत्तीस वर्षं त्यांनी पोरांचे खोटे दाखले पकडले होते. मला तासगावात एकही मैत्रीण नव्हती आणि मला एकही नाव सुचेना. मी वरईच्या ढिगाकडं बघत राहिले.

"ती कशाला खोटं बोलतेय," आत्याबाई म्हणाल्या. त्या वळल्या नव्हत्या. "तिकिटं माझी आहेत. मी काढलीत. माझ्या कुरडयांच्या पैशांनी."

मामंजींनी चष्मा काढला. चष्मा नसला की त्यांचा चेहरा एकदम साधा, थोडा गोंधळलेला दिसायचा. त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं आणि परत वाचलं.

"लावणी?"

"होय."

"तुला कशाला?"

आत्याबाईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले. मामंजींच्या समोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. इतक्या वर्षांत मामंजी टेबलाशी असताना त्या समोर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या नेहमी उभ्या राहून वाढायच्या. बसल्या, आणि त्यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलल्या.

"रेश्मा, माझे वडील ढोलकी वाजवायचे. तमाशाच्या फडात. एकवीस वर्षं."

मला एवढंच माहीत होतं की त्यांचे वडील शेती करायचे. घरात त्यांचा फोटो होता, फेटा बांधलेला, खुर्चीवर ताठ बसलेला. ढोलकीचं कुणी कधी बोललं नव्हतं. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. वडील फडाबरोबर आठ महिने बाहेर असायचे. घरी आले की लेकीला समोर बसवायचे आणि तिचा हात धरून ढोलकीचे बोल शिकवायचे. पोरीच्या जातीनं वाजवायचं नसतं असं आई म्हणायची, ते हसायचे. मग खोतांच्या घरचं स्थळ आलं, मुलगा शिक्षक. मामंजींच्या वडिलांनी अट घातली. मुलगी पसंत आहे, पण त्या वाद्याचं नाव आमच्या उंबऱ्याच्या आत निघता कामा नये. साखरपुड्याच्या आधी वडिलांनी ढोलकी विकून टाकली आणि फड सोडला.

"इथं यायचे तेव्हा हात मांडीखाली दाबून बसायचे," आत्याबाई म्हणाल्या. "बोटं आपोआप चालायची त्यांची. कुणी बघेल म्हणून दाबून बसायचे. दुकानात ती बाई म्हणाली होती ना, तिथून नाचणारी अर्धीच दिसेल? मला नाचणारी बघायची नव्हती. मला वाजवणाऱ्याचे हात बघायचे होते. एकदा. बास."

मी करपलेली कढई उचलून मोरीत ठेवली, कारण मला काहीतरी करायला हवं होतं. कढईचा चर्र आवाज झाला.

"मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो," मामंजी म्हणाले. "वडिलांपुढं बोललो नाही."

"मी कुठं म्हणतेय तुम्ही बोलायला हवं होतं?"

"टीव्हीवर लागली की मी बंद करायचो."

"आवडत नाही तुम्हाला. ठाऊक आहे मला."

मामंजींनी मान हलवली. "मला तुझे वडील आठवायचे. तसे बसलेले. मला वाटायचं, तुलाही तेच आठवेल आणि तुला त्रास होईल. म्हणून बंद करायचो."

आत्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्रेचाळीस वर्षं झाली होती लग्नाला.

"मला आठवायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बघायचं होतं."

मामंजींनी सांगितलं ते पहिल्यापासून तसंच होतं की त्या घटकेला त्यांना तसं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. आत्याबाईंनीही विचारलं नसावं. त्या दिवशी त्यांनी फक्त चष्मा परत लावला आणि मला विचारलं, तिकिटांचं आता काय करायचं ठरलंय? मी मॅडमचं म्हणणं सांगितलं, मूळ तिकिटं आणि अर्ज.

अर्ज म्हटल्यावर मामंजी सावरले. गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज त्यांच्या हातचे. त्यांनी डबे बाजूला सारले, आखीव कागद आणला, समास सोडला आणि लिहायला लागले. प्रति. माननीय अध्यक्षा. मग 'विषय' लिहून ते थांबले आणि मोठ्यानं वाचत पुढं लिहिलं, "सांस्कृतिक कार्यक्रमाच्या तिकिटांची रक्कम परत मिळणेबाबत."

"सांस्कृतिक नको," आत्याबाई म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

"लावणी लिहा."

मामंजींचं पेन कागदाच्या वर थांबलं. आखीव कागद आहे, खाडाखोड चालत नाही, असं ते म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. नवा घेतला. परत समास सोडला, परत प्रति, परत माननीय अध्यक्षा. आणि मग त्यांच्या त्या प्रसिद्ध अक्षरात, फळ्यावर लिहावं तसं एकेक अक्षर सुटं आणि ठळक, त्यांनी लावणी हा शब्द लिहिला. अर्जदार म्हणून आत्याबाईंनी खाली सही केली. सहीला त्यांना पुष्कळ वेळ लागला. रक्कम अर्जदाराच्या नावे मनीऑर्डरनं पाठवावी, अशी ओळ मामंजींनी स्वतःहून घातली.

अर्ज गेला, आणि लगेच काही आलं नाही. मे गेला, जून गेला. मी मॅडमना पुन्हा फोन लावायचे, पण आता पडवीत बसून, नेहमीच्या आवाजात. मामंजी शेजारून सांगायचे, अर्जाची तारीख सांग त्यांना, पोस्टाची पावती आपल्याकडं आहे म्हणावं. एकदा मॅडम मला म्हणाल्या, वहिनी, माझ्याकडं दीडशे लोकांचे फोन आले, शिव्यासुद्धा आल्या, पण असा अर्ज एकच आला, मी तो दुकानात काचेखाली ठेवलाय.

जुलैच्या शेवटी पोस्टमन आला. तोंडाला रुमाल बांधून तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि इंदुमती खोत अशी हाक मारली. गावात आत्याबाईंना त्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, त्यामुळं आम्हाला कळायलाच क्षणभर वेळ लागला. त्या बाहेर गेल्या, सही केली, नोटा घेतल्या. पोस्टमन मामंजींचा जुना विद्यार्थी. त्यानं सहज विचारलं, सर, बाईंना कुठून पैसे?

मी दारात होते. मामंजी कंपाउंडपर्यंत चालत गेले, म्हणजे त्याला नीट ऐकू जावं.

"लावणीची तिकिटं काढली होती हिनं," ते म्हणाले. "कार्यक्रम रद्द झाला, त्याचे परत आले."

पोस्टमननं रुमाल खाली ओढून त्यांच्याकडं पाहिलं. मग वर ओढला आणि सायकलला टांग मारली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं. मला वाटलं होतं, लोक हसतील. थोडे हसलेही. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाबाहेर बायका थांबायला लागल्या. दोन हातांचं अंतर ठेवून, एक-एक करून. पाटलांची थोरली सून, गिरणीवाल्याची बायको, निवृत्त नर्सबाई. सगळ्यांचं एकच सांगणं होतं. पुढच्या वेळी जाताना आम्हाला सांगा.

पुढची वेळ यायला दोन वर्षांहून जास्त गेली. त्यात आम्ही माणसंही गमावली, नर्सबाई त्यातल्याच. पण दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात मॅडमचाच फोन आला, शनिवारी दुपारी एकचा खेळ आहे, त्या अर्जवाल्या मावशींना सांगा. या वेळी आम्ही अकरा बायका झालो. एक क्रूझर ठरवली. मामंजी औषधं आणायच्या निमित्तानं ड्रायव्हरच्या शेजारी बसले. सांगलीत उतरल्यावर औषधांच्या दुकानाकडं न जाता ते नाट्यगृहासमोरच्या चहाच्या गाड्याजवळच्या बाकावर बसले, आणि खेळ संपेपर्यंत तिथंच होते.

आत काय झालं ते सांगत बसत नाही. पाटलांची सून खुर्चीवर उभी राहिली होती एवढंच सांगते. आत्याबाई मात्र कोपऱ्यात अडीच तास जागच्या हलल्या नाहीत. नाचणारीकडं त्यांनी मान वळवून पाहिलं नाही. वाजवणारा विशीतला होता, त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या शेवटी तो बाकी सगळं सोडून त्यांच्याकडंच तोंड करून वाजवत होता.

परत येताना क्रूझरमध्ये सगळ्या एकदम बोलत होत्या. आत्याबाई मामंजींच्या बरोबर मागं बसल्या होत्या. कवठेएकंदच्या आसपास त्यांनी बांगड्या मागं सारल्या, दोन्ही हात मामंजींच्या सीटच्या पाठीवर ठेवले आणि बोटं चालवायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. एकेक करून गाडीतल्या बायका गप्प झाल्या. मामंजींची पाठ त्या ठोक्यांनी हलत होती. ते पुढं रस्त्याकडंच बघत होते.

"मध्ये कुठंतरी चुकतेयस," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.